मागितलेली हवा, मिळालेली हवा

सकाळी दार उघडलं आणि एकामागून एक शिंका सुरू झाल्या. म्हटलं, पथारी लागली. नंदुरबारात राहणाऱ्याला कॅलेंडरचं पान उलटावं लागत नाही, नाकच सांगतं. दिवाळी मागे पडून थंडी जरा स्थिरावली, की गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनींवर ओली लाल मिरची वाळायला पसरतात. त्या जागेला आम्ही पथारी म्हणतो. तोंडाला फडकं बांधलेल्या बाया ओळीने बसून मिरची खालीवर करतात, देठ खुडतात, मधूनच एखादीला ठसका लागतो आणि तो ओळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. वारा फिरला की तोच ठसका गावात शिरतो. शाळेत प्रार्थना चालू असताना शिंका, बँकेच्या रांगेत शिंका, वरातीत बँडवाल्याला ऐन सुरात शिंक. बाहेरगावचा पाहुणा डोळे पुसत विचारतो, काय झालं? आम्ही म्हणतो, काही नाही, हंगाम आहे.

मला हा हंगाम आवडतो आणि त्याचं कारण फक्त धंद्याचं नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. वर्षभर डोळ्यांत लेन्स घालून मिरवणाऱ्या मुली या दिवसांत लाल डोळे घेऊन येतात आणि मुकाट्याने चष्मा मागतात, हे खरं. पण मला आवडतो तो त्या जमिनीचा रंग. कोवळ्या उन्हात पथारीकडे पाहिलं की डोळ्यांना एकदम भूक लागल्यासारखं होतं. आणि गेल्या काही वर्षांपासून त्या लाल रंगाकडे पाहताना मला हसू येतं, छाती जरा पुढे येते, हे मी का लपवू? एका हंगामात मी याच मिरचीच्या नाकावर टिच्चून एक काम करून दाखवलं होतं. माझ्या गाडीचा आजार मी स्वतः शोधून काढला होता.

पथारी आमची स्वतःची आहे. म्हणजे माझ्या यजमानांची, सुभाषरावांची. घरात मी त्यांचं नाव घेत नाही, पण लेखात घ्यावंच लागेल, नाहीतर वाचणाऱ्याचा गोंधळ उडेल. सुभाषराव मिरची नुसती मुठीत दाबून सांगतात की ती अजून किती वाळायची आहे. बाजार समितीत लिलावाला उभे राहिले की त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. स्वभावाने माणूस लोण्यासारखा, पण एकदा एखादी गोष्ट विकायची असं मनात आलं की मग ती विकूनच थांबतो. त्या वर्षी त्यांच्या मनात माझी गाडी आली.

निळी, डिझेलवर चालणारी, लहानशी गाडी. दहा-बारा वर्षांची झालेली. मी गाडी शिकले तेव्हा चाळिशी उलटली होती आणि गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या मोटारसायकली आत घेतल्या होत्या. शिकले ती मोलगीसाठी. तिथे आठवडी बाजाराच्या दिवशी मी डोळे तपासायला जाते. सकाळी निघायचं, हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडायची, तळोदा, अक्कलकुवा मागे टाकायचं आणि मग देवगोईचा घाट चढून सातपुड्यात शिरायचं. बाजारात एका चहावाल्याच्या टपरीशेजारी माझं टेबल लागतं. अक्षरं न येणाऱ्यांसाठी चित्रांचा तक्ता, भिंगांची लाकडी पेटी, तयार चष्म्यांचा डबा. डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं चालत येतात, जीपच्या टपावर बसून येतात. भिंगांची पेटी जीपमधून न्यायचा प्रयोग मी एकदा केला होता, त्यात पेटीतली निम्मी भिंगं फुटली. तेव्हापासून माझी गाडी असेल तर मोलगी, नाहीतर नाही, असा सरळ हिशेब होता.

आणि नेमक्या त्या हंगामात गाडी घाटात दम टाकू लागली. सपाटीवर गुणी बाळ. घाट लागला आणि दुसरं-तिसरं वळण आलं, की आवाज तोच, पण ओढ नाही. पाय तळापर्यंत दाबा, गाडी आपली रांगतेय. मागच्या जीपवाल्याने हॉर्न वाजवून डोकं उठवलेलं. मग समोर पिवळा दिवा लागायचा, इंजिनाच्या चित्राचा. बाजूला घेऊन बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ ठीक. एका बाजाराच्या दिवशी तिने निम्म्या घाटात अगदीच हात टेकले आणि मला गाडी वळवून परत यावं लागलं. येताना मी सबंध रस्ताभर स्वतःशी भांडत होते.

भटूभाऊंकडे गेले. धानोरा रस्त्यावरचे आमचे मिस्तरी. इंजिनाला कान लावून बोलणारा माणूस. त्यांनी डिझेलची जाळी बदलली, पाइप तपासले, स्वतः बसून चक्कर मारली आणि हात पुसत सरळ सांगितलं, "ताई, इंजिनमा काही खोट नहीं. खोट तिन्हा कॉम्प्युटरमा शे. कॉम्प्युटर बदलना पडी, आन ते काम मन्हं नहीं." प्रामाणिक माणूस. पण हे वाक्य नेमकं सुभाषरावांच्या समोर बोलले.

घरी आल्यावर चहा व्हायच्या आत विषय निघाला. "काय वं, आते पुरं कर. हाई गाडी विकी टाकू. घाट चढानं तिन्हं वय नहीं ऱ्हायनं."

"तिन्हं का मन्हं?" मी विचारलं.

"दोन्हीस्नं," ते म्हणाले. प्रामाणिक माणसांचा मला त्या दिवशी सुकाळ होता.

मला राग आला. गाडीचा नाही, त्यांचाही नाही. डोळे न तपासता कुणी चष्मा लावायला सांगितला तर मला येतो तो राग. माझ्या दुकानात माणूस येतो आणि म्हणतो, धूसर दिसतं. मी लगेच म्हणते का, डोळा बदला? मी त्याला खुर्चीत बसवते, एकेक भिंग समोर धरते आणि विचारते, हे बरं की हे? आता? आणि आता? कधी कधी नुसतं जुनं भिंग स्वच्छ पुसून दिलं की माणूस खूश होऊन जातो. गाडीला कुणी विचारलंच नव्हतं, तुला नक्की काय होतंय. मी सुभाषरावांना म्हटलं, "हंगाम उठेपावत थांबा. तवपावत मन्हा हातथीन नहीं सुधरनी, त किल्ली मी सोता तुमले देसू." ते हसले आणि पथारीवर निघून गेले. त्यांच्या दृष्टीने गाडी विकलीच गेली होती, फक्त गिऱ्हाईक यायचं बाकी होतं.

आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, त्या दोन महिन्यांत केला तितका अभ्यास मी माझ्या लग्नाआधीच्या परीक्षांचासुद्धा केला नव्हता. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर वाचायचं. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, एक काळं सॉकेट असतं. इतकी वर्षं माझा गुडघा त्याला घासत होता आणि मला पत्ता नव्हता. त्यात एक जोडणी लावायची, ती गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलते आणि त्याचं म्हणणं आपल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर दाखवते. जोडणी म्हणजे दुभाषा आणि सॉफ्टवेअर म्हणजे ते लिहून घेणारा. हे दोघे चांगले मिळाले पाहिजेत, एकाने भागत नाही. एवढं कळायलाच मला बरेच दिवस लागले.

पहिला दुभाषा पारसभाईंच्या दुकानातून आणला. मोबाइलची कव्हरं, चार्जर, लग्नाच्या लाइटिंगच्या माळा, सगळं एका काउंटरवर. राजस्थानातून आजोबा आले होते, पण पारसभाईंचा जन्म इथलाच, तरी माझ्याशी कायम हिंदीत. "मॅडम, ये सब गाड़ी में चलता है. बस लगाओ और देखो." अंगठ्याएवढी निळी डबी, बिनतारी. फोनवर त्याचं ॲप घेतलं. काय ते रूप! काळ्या पार्श्वभूमीवर झळाळती गोल घड्याळं, काटे थरथरतायत, वेग, गरमी, फेरे. मी अंगणात गाडी सुरू ठेवून ते बघत बसले आणि जग जिंकल्याचा आनंद झाला. ॲपने एक दोषही सांगितला: हवेचा प्रवाह मर्यादेबाहेर. पुढे काय? पुढे काही नाही. त्या एका ओळीची कारणं शोधायला गेले तर अख्खी गाडी त्यात आली. आणि घाटात, म्हणजे जिथे आजार उमटतो नेमकं तिथे, डबीचा आणि फोनचा संबंध तुटायचा. काटे तिथल्या तिथे गोठून राहायचे. सगळं छान दिसत होतं, उपयोगाचं काहीच दिसत नव्हतं. माझ्याकडे येणारी तरुण मंडळी आधी फ्रेम पसंत करतात आणि मग विचारतात, यात माझा नंबर बसेल ना? मीही तेच केलं होतं.

दुसरं आलं ते कुणाच्या तरी ओळखीने, पेनड्राइव्हमध्ये. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या, सगळी कामं, कॉम्प्युटरमधलं वाचा आणि वाटेल ते बदला. देणारा मोठ्या अभिमानाने म्हणाला, यात काहीही करता येतं. मला बघायचं होतं, कापायचं नव्हतं. डोळे तपासायच्या खोलीत मी सुरी ठेवत नाही. शिवाय ते कुठून उचललेलं, कुणी त्यात काय घुसवलेलं, देव जाणे. पेनड्राइव्ह तसाच परत केला. आजही गल्लीतलं कुणी विचारायला आलं की मी पहिल्यांदा हेच सांगते, आधी वाचणारं घ्या, लिहिणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

तोवर मला माझ्या गरजेचं नीट कळायला लागलं होतं. आजार घाटात होतो, आणि घाटात माझे डोळे रस्त्यावर हवेत. तेव्हा नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर हवं, म्हणजे आकडे मागाहून शांतपणे वाचता येतील. बिनतारी नको, तार हवी. सगळ्या गाड्यांचं थोडं थोडं जाणणारं नको, माझ्या कंपनीच्या गाडीची बोली पूर्ण जाणणारं हवं. आणि घेण्याआधी लावून बघता आलं पाहिजे. असं एक सापडलं. दिसायला अगदी रुक्ष. घड्याळं नाहीत, रंग नाहीत, नुसत्या ओळी आणि आकडे. पण त्याची फुकटची लहान आवृत्ती होती, ती लावून आपली गाडी ओळखते का पाहायचं आणि मगच पूर्ण घ्यायचं. तार मागवली. मुलीचा जुना लॅपटॉप माळ्यावरून उतरवला. लॅपटॉप तार ओळखेना. मुलगी पुण्याहून फोनवर सांगतेय, आई, डाव्या बाजूला बघ, मी म्हणतेय, डाव्या बाजूला फक्त लोणच्याचा डाग आहे. अखेर एका दुपारी, पथारीवरून उडून आलेल्या तिखट वाऱ्यात शिंकत शिंकत, मी योग्य खिडकीत योग्य आकडा टाकला आणि पडद्यावर माझ्या गाडीचा क्रमांक उमटला. तिचा खरा, कारखान्यात ठोकलेला क्रमांक. गाडीने मला नाव सांगितलं होतं. मी अंगणात एकटीने टाळ्या वाजवल्या आणि समोरच्या काकू बाहेर येऊन पाहू लागल्या.

पूर्ण आवृत्तीत जे दिसलं, त्याने मला अजूनही हुरूप येतो. प्रत्येक गोष्टीच्या दोन ओळी शेजारी शेजारी. एक, इंजिनाने मागितलेलं. दुसरी, त्याला मिळालेलं. मागितलेली हवा, मिळालेली हवा. मागितलेला दाब, मिळालेला दाब. किती साधी गोष्ट! माणसांना अशी तार लावता आली असती तर घरोघरची निम्मी भांडणं मिटली असती. मी त्या ओळींकडे बघत बसले होते तेव्हा सुभाषराव पथारीवरून आले, अंगावर तो लाल धुरळा, मिशीतसुद्धा. मला एकदम वाटलं, या माणसाने कधी विचारलं नाही हे खरं, पण मी तरी कुठे स्पष्ट मागितलं होतं? मग मागितलं. म्हटलं, "सकायले घाटमा जावानं शे. मी गाडी चालाडस, तुम्ही आकडा वाचा." ऐन हंगामात पथारी सोडायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. पण आले.

त्या दिवशी मोलगीचा बाजार नव्हता, तरी मन बाजारातच होतं. मागच्या फेरीत रायकीबाईचा नंबर काढला होता. घाटापलीकडच्या पाड्यावरची बाई, माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी असावी. याआधी चष्मा कधीच लावलेला नव्हता. भगर निवडताना खडे दिसत नाहीत, घरातली माणसं जेवताना बोलतात, एवढीच तिची तक्रार. तिचा चष्मा तयार होऊन माझ्या दुकानात पडला होता आणि ती दर बाजाराला चालत येऊन, चहावाल्याच्या टपरीशी बसून, संध्याकाळी परत जात होती. चहावाल्याने फोनवर सांगितलं, "बाई, ती आजपण बसून गेली." हे ऐकल्यापासून माझा घास गोड लागत नव्हता. गाडी विकली असती तर माझं काय, मी दुकानात बसून राहिले असते. पण टपरीशी बसलेल्या त्या बाईला कुणी आणि काय सांगायचं?

घाट लागला. सुभाषरावांनी लॅपटॉप मांडीवर घट्ट धरला होता, जणू तो उडी मारेल. पहिल्या वळणाला त्यांचा आवाज बारीक होता. दुसऱ्या वळणाला गाडी रांगायला लागली आणि लिलावातला माणूस जागा झाला.

"मागस सातशे, भेटस साडेचारशे! मागस सातशे वीस, भेटस साडेचारशेच! हाई त उघडी लूट शे वं!"

"दाब देखा. खालनी ओळ."

"दाब..." ते थांबले. गाडी घुरघुरत होती, मागे जीप हॉर्न वाजवत होती. "दाब बराबर शे. मागेल तितला भेटी ऱ्हायना."

मी काही बोलायच्या आत त्यांनी लॅपटॉपवर थाप मारली. "थांब. दाब पुरा शे, मंग हवा कमी कशी व्हई? माल पुरा शे वं! काटा खोटा शे!"

मी गाडी बाजूला घेतली आणि त्यांच्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर तराजूपाशी उभा राहिलेला माणूस. पोतं भरलेलं दिसतंय आणि वजन कमी भरतंय, तर पोत्यावर नाही, काट्यावर संशय घ्यायचा, हे त्यांच्या हाडीमाशी. हवा इंजिनात पुरेशी जात होती. ती मोजणाराच कमी सांगत होता. आणि कमी हवा आहे असं समजून बिचारा कॉम्प्युटर डिझेल आखडून घेत होता, म्हणून ओढ नव्हती. कॉम्प्युटर शहाणाच होता, त्याच्या कानात कुणीतरी खोटं सांगत होतं. त्या वळणावर, पळसाच्या झाडाखाली, आम्ही दोघं इतके खूश झालो की येणाऱ्या जीपवाल्यांना वाटलं असेल, यांची गाडी बंद पडली आणि डोकंही.

मोजणारा कुठे बसतो ते मला वाचून पाठ होतं. हवेच्या जाळीच्या डब्यापुढच्या नळीत. घरी येऊन बॉनेट उघडलं. डब्याच्या झाकणाचा एक चाप उघडा होता, झाकण तिथे बोटभर उचललेलं. आणि बरोबर त्या फटीवर, तारेला बांधलेली, एक फाटकी पुरचुंडी लोंबत होती.

आमच्या गावात हे काही नवल नाही. हंगामात गोदामांतले उंदीर थंडीने हैराण होऊन गाड्यांच्या गरम इंजिनात घुसतात आणि तारा कुरतडतात. म्हणून आमच्याकडे बॉनेटमध्ये मिरचीच्या चुऱ्याची पुरचुंडी बांधतात. पुण्यामुंबईत काय करतात मला ठाऊक नाही. आमच्या गल्लीत कोणतंही बॉनेट उघडा, एक तरी सापडेल. ही मात्र फाटली होती. आतला तेलकट, बारीक चुरा फटीतून डब्यात, डब्यातून जाळीला वळसा घालून नळीत. नळीतला तो मोजणारा बाहेर काढला तर त्याच्या केसाएवढ्या तारेवर लालसर थर. इंजिनाला ठसका लागला होता.

"कोनी बांधी हाई?" मी विचारलं.

सुभाषरावांनी आकाशाकडे पाहिलं. "मीच बांधेल व्हती. हंगाम लागना तव. जाळीबी मीच फुकीसन साफ करेल व्हती."

"मंग? उंदीर उना का?"

"एकबी उंदीर नहीं उना," ते मानाने म्हणाले.

मी गाडीला टेकून इतकं हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मिरचीचं होतं की हसण्याचं, ते कळायला मार्ग नव्हता. तेही हसू लागले. मग आम्ही कामाला लागलो. त्या मोजणाऱ्यासाठी खास फवारा मिळतो, तो आणला. कापसाने पुसायचं नाही, बोट लावायचं नाही, नुसतं फवारायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. भिंगांशी आयुष्य घालवलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. नवी जाळी घातली, डबा आतून स्वच्छ केला, चाप घट्ट बसवला. पुरचुंडी मी लांब, बॅटरीच्या पलीकडे, दुहेरी कापडात बांधून दिली. उंदीर न येण्याचं श्रेय मी त्यांच्याकडून काढून घेणार नव्हते.

दुसऱ्यांदा घाट चढलो तेव्हा मला आकडे ऐकायची गरज नव्हती. पहिल्याच वळणाला गाडीने पाठ सीटला चिकटवली. पण शेजारी लिलाव रंगात आला होता. "सातशे मागी, सातशे भेटी! साडेसातशे मागी, साडेसातशे! बठं भेटी गयं वं, बठं!" बठं म्हणजे सगळं. आणि माथ्यावर पोचल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "गाडी विकानी नहीं." मी म्हटलं, तुम्हाला विचारतंय कोण?

भटूभाऊंना मी आकड्यांची नोंद दाखवायला घेऊन गेले. त्यांनी ती नीट पाहिली, झाकणाच्या चापाचं ऐकून कपाळावर हात मारला आणि मग दिलखुलास हसले. "ताई, आते आपली जोडी. मी कान लावस, तुम्ही तार लावा." तेव्हापासून तसंच चाललंय. रनाळ्याचे त्यांचे एक पाहुणे मागच्याच आठवड्यात पिवळा दिवा घेऊन आले होते. दुकानाला सुट्टी असते तेव्हा आमच्या अंगणात एखादी तरी गाडी तोंड उघडून उभी असते. लोक विचारतात, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? मी नाव सांगत नाही, आधी विचारते, तुमच्या गाडीला होतंय काय आणि कुठे होतंय? गावातल्या गावात होत असेल तर पारसभाईंची निळी डबीसुद्धा चालेल, तिला मी वाईट म्हणणार नाही. घाटात होत असेल तर तार घ्या. आणि कुणाची तरी मांडी घ्या, लॅपटॉप धरायला. या शेवटच्या सल्ल्यावर बायका हसतात आणि पुरुष नवऱ्याच्या नजरेने एकमेकांकडे बघतात.

आत्ता हे लिहितेय तर खिडकीतून पुन्हा तो वास येतोय. पाणी मारल्यावर ओल्या मिरचीला येतो तसा गोडसर, मग एकदम घशाला झोंबणारा. सुभाषराव पथारीवर आहेत. उद्या मोलगी. डबा भरून ठेवलाय, पेटी पुसून ठेवलीय. आणि मन आपोआप त्या हंगामातल्या पहिल्या बाजाराकडे जातं, गाडी दुरुस्त झाल्यानंतरच्या.

एकटीच गेले होते. घाट कुठे आला आणि कुठे संपला कळलं नाही, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी गुणगुणत वर चढली. एका वळणावर मी मोठ्याने ओरडले, कुणी ऐकायला नव्हतं म्हणून. बाजार भरला होता. आमचूरच्या राशी, कोंबड्या, जीपवाल्यांच्या हाका. टेबल लावायच्या आधी टपरीकडे गेले. रायकीबाई बसलेली होती, गुडघे जवळ घेऊन. माझ्या आवाजाने तिने मान वर केली. "बाई, आली तू," एवढंच म्हणाली. उशीर का झाला, कुठे होतीस, काही विचारलं नाही. त्यामुळेच मला गलबलून आलं.

मी डब्यातून तिचा चष्मा काढला, काड्या तिच्या कानांमागे नीट बसवल्या. तिने आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. उलटे करून, सुलटे करून, नखं, भेगा. मग शेजारच्या टोपलीतली भगर चिमटीत घेतली, त्यातला खडा उचलला आणि फेकला. आणखी एक उचलला, फेकला. चहावाला कौतुकाने बघत होता. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ, अगदी जवळून, माझ्या केसांकडे, डोळ्यांखाली, गळ्याकडे. आणि एकदम हसत सुटली.

"बाई! तू तं डोकरी!"

म्हातारी. सगळी टपरी हसली. इतके दिवस तिला मी कुणीतरी तरणी पोरगी वाटत होते, शहरातून गाडी उडवत येणारी. मीही हसले, तिच्याइतकीच. म्हटलं, होय गं बाई, डोकरीच. घाट चढून आलेली डोकरी.